पाखडताना भरला दाणा उडू नये
सरकारी मदतीच्या योजनांत पात्रतेची तपासणी कशी होते आणि त्या वेळी आपण काय करावे



भात झोडून झाला की आपण वारं बघून तो उफणतो. फोल लांब उडतं, भरला दाणा पायाशी पडतो. वारं जोराचं असलं तर मात्र चांगला दाणाही फोलासंगं जातो. म्हणून घरातली जाणती बाई फोलाचा ढीग तसाच टाकून देत नाही. सुपात घेऊन पुन्हा एकदा पाखडते, त्यातूनही शेर-दोन शेर भात निघतो.

सरकारी मदतीच्या योजनांचंही असंच आहे. रेशन, निराधारांचं अनुदान, किसान सन्मान निधी, लाडकी बहीण, यातली कुठलीही योजना घ्या. आधी अर्ज येतात, कचेरी ते पात्र-अपात्र ठरवते, आणि काही काळानं हा निर्णय बरोबर होता का याची पुन्हा तपासणी होते. कोणी पडताळणी म्हणतं, कोणी शोधमोहीम. गावात मात्र एकच बोली ऐकू येते, "नावं कापायला आलेत." ही समजूत पुरती खरी नाही आणि पुरती खोटीही नाही. तपासणी म्हणजे काय, ती का लागते, आणि तिच्यात आपला भरला दाणा कसा वाचवायचा, ते या पत्रकात सांगितले आहे.

तपासणी का लागते?

शिधापत्रिकेचं उदाहरण घेऊ. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 सालचा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी फेब्रुवारी 2014 पासून सुरू झाली. या कायद्यात राज्यातल्या सुमारे 7 कोटी लोकांना धान्य द्यायचं ठरलं. ग्रामीण भागात 76.32 टक्के आणि शहरी भागात 45.34 टक्के लोक, असा हा हिशोब आहे. यालाच इष्टांक म्हणतात. इष्टांक म्हणजे ठरलेल्या मापाची कणगी. ती भरली की नवं नाव आत जायला जागा नाही. ज्याच्या घरी भरपूर उत्पन्न आहे, त्याचं नाव यादीत राहिलं तर त्याच गावातली एखादी मोलमजुरी करणारी बाई बाहेर ताटकळत राहते. जागा मोकळी व्हायची तर तपासणी हवीच.

किसान सन्मान निधीतही हेच दिसलं. ही योजना फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाली. वर्षाला 6,000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. सुरुवातीला शेतकऱ्यानं स्वतः सांगितलेल्या माहितीवर पुष्कळ भर होता. पुढे आयकराच्या नोंदींशी ताळा घेतला, तेव्हा गफलत बाहेर आली. जुलै 2021 मध्ये संसदेत सरकारनं सांगितलं की 42 लाखांहून जास्त अपात्र लोकांच्या खात्यांत सुमारे 2,992 कोटी रुपये गेले आणि ते वसूल करायचे आहेत. तेव्हा तपासणी म्हणजे कोणाचा आकस नव्हे. पैसा आपल्या सर्वांचा आहे.

तपासणी होते कशी?

पीक कापणी प्रयोग आपण पाहिला आहे. गावातली सगळी भातखाचरं कोणी कापून तोलत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखे काही गट नंबर निवडतात, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखतात, तेवढाच कापून, झोडून, तोलतात आणि त्यावरून गावचा उतारा काढतात. निवड मनानं केली तर प्रयोग फसतो. कोणी चांगलं शेत दाखवील, कोणी पडलेलं.

लाभार्थ्यांच्या तपासणीची एक रीत अशीच आहे. किसान सन्मान निधीच्या मार्गदर्शक सूचनांत दरवर्षी 5 टक्के लाभार्थ्यांची प्रत्यक्ष पडताळणी सांगितली आहे. म्हणजे शंभरातल्या पाच घरी जाऊन माणूस, जमीन आणि कागद यांचा मेळ बसतो का ते बघायचं. आपलं नाव त्या पाचात आलं म्हणजे आपल्यावर संशय आहे असं नाही. आपल्या शेतात पीक कापणी प्रयोग झाला म्हणून आपण चोर ठरतो काय?

दुसरी रीत सरसकट तपासणीची. 2025 साली शिधापत्रिकांची शोधमोहीम झाली ती अशी. 1 एप्रिल ते 31 मे या मुदतीत रास्त भाव दुकानातून फॉर्म दिले गेले. फॉर्मसोबत राहत्या जागेचा पुरावा मागितला होता, आणि तो एक वर्षाच्या आतला हवा होता. पुरावा देणारे एका गटात, न देणारे दुसऱ्या गटात. दुसऱ्या गटातल्यांना नोटीस द्यायची आणि 15 दिवसांत पुरावा आला नाही तर पत्रिका रद्द करायची, असा नियम होता. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुसऱ्या गटात जाणारा माणूस अपात्रच असतो असं नाही. त्याचा फक्त कागद आलेला नसतो. अपात्र असणं आणि कागद नसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तिसरी रीत यंत्राची. एका यादीचा दुसऱ्या यादीशी ताळा संगणक घेतो. आयकराची यादी, वाहनांची यादी, आधारची नोंद, मृत्यूची नोंद. लाडकी बहीण योजनेत जून 2025 पासून 26 लाख 34 हजार महिलांचा लाभ असाच थांबवला गेला. त्याच वेळी सरकारनं हेही सांगितलं की जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा होईल आणि ज्या पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल. यंत्र संशय दाखवतं, तो खरा की खोटा हे माणसानं बघायचं असतं. किसान सन्मान निधीतही 2025 साली नवरा-बायको दोघांना हप्ता मिळतो, किंवा जमीन 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर झाली, अशी संशयास्पद नावं बाजूला काढून प्रत्यक्ष पडताळणीपर्यंत त्यांचे हप्ते थांबवले गेले.

'कुटुंब' म्हणजे कोण?

शहाड स्टेशनावरून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की म्हारळ, वरप, कांबा ही गावं लागतात. या पट्ट्यात एका घरात दोन संसार दिसतात. बाप भातखाचर करतो आणि मुलगा कारखान्यात किंवा लोकल धरून ठाण्या-मुंबईला नोकरीला जातो. पात्रतेच्या चुका होतात त्या अशाच घरांत, कारण 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ प्रत्येक योजनेत निराळा आहे.

समजा, बापाच्या नावावर दीड एकर भातजमीन आहे. मुलगा तीस वर्षांचा, नोकरदार, आयकर भरतो. दोघं एकाच चुलीवर जेवतात. बापाला किसान सन्मान निधी मिळेल का?

त्या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुलं, म्हणजे अठरा वर्षांखालची. सज्ञान मुलाचा आयकर बापाच्या अंगावर येत नाही. बाकी अटी बसत असतील तर बाप पात्र आहे. "तुमचा मुलगा टॅक्स भरतो" एवढ्याच कारणानं त्याचं नाव कापलं तर ती चूक आहे, आणि तशी हरकत घ्यावी.

दुसरं समजा, कारखान्यातून निवृत्त झालेला गडी आहे. त्याला दोन-तीन हजार रुपये पेन्शन येते आणि जमीन कसतो. महिन्याला 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त पेन्शन असलेले निवृत्त लोक योजनेतून वगळले आहेत. तेव्हा पेन्शनवाला म्हणून सरसकट कापणं बरोबर नाही. आकडा बघावा लागतो.

लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं-मुली. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं आणि घरात चारचाकी नको, पण ट्रॅक्टर त्यातून वगळला आहे. वाहनांच्या यादीत नाव आलं तर विचारावं, वाहन कोणतं आणि ते कोणाच्या नावावर? ट्रॅक्टर असेल तर आरसी बुकाची नक्कल दाखवावी. पाच एकर जमिनीची अटही जुलै 2024 मध्येच काढून टाकली आहे.

शिधापत्रिकेला मात्र पत्रिकेवर असलेल्या सगळ्या माणसांचं उत्पन्न धरतात. प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 44,000 आणि शहरी भागात 59,000 रुपये अशी आहे. आपल्या पट्ट्यात एक गाव महापालिकेत आणि शेजारचं ग्रामपंचायतीत, असं आहे. म्हणून आपलं घर कोणत्या हद्दीत धरलं आहे हे नक्की करावं. नाहीतर माप एकाचं आणि धान्य दुसऱ्याचं, असं व्हायचं.

चूक दोन अंगांची

आता मुख्य गोष्ट. पात्रतेच्या निर्णयात चूक दोन तऱ्हेची होते. एक, अपात्राला मिळालं. दोन, पात्राला मिळालं नाही. पहिली चूक दिसते, कारण तो माणूस यादीत असतो. पाच टक्के तपासायचे म्हटले की ते यादीतूनच निघतात. ज्याचा अर्ज फेटाळला किंवा ज्याचं नाव कापलं, तो यादीत नसतोच. मग त्याच्या दारी तपासणीस येणार कसा? फोलाचा ढीग सुपात घ्यायचं राहून जातं ते इथं.

ही अडचण आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत 1970 नंतरच्या दशकात गरीब आयांच्या अनुदानाची मोठी तपासणी सुरू झाली. जास्तीचा पैसा गेला की राज्याच्या नावावर चूक लागे. पात्र बाईला नाकारलं तर त्याचा ठपका तसा येत नसे. परिणाम काय झाला? कचेऱ्या जास्त कागद मागू लागल्या. चूक टाळायचा सोपा मार्ग म्हणजे नाकारणं, असं होऊन बसलं आणि पात्र बायकाही परत जाऊ लागल्या.

त्याच देशात आज अन्नसाहाय्याची जी योजना आहे, तिची तपासणी जास्त शहाणपणाची आहे. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकल्यागत काही कुटुंबं निवडतात. जादा दिलं तीही चूक, कमी दिलं तीही चूक, आणि दोन्ही मोजतात. शिवाय नाकारलेल्या आणि बंद केलेल्या प्रकरणांतूनही नमुना काढून निर्णय बरोबर होता का ते बघतात. 2024 या आर्थिक वर्षात तिथं चुकीचं प्रमाण 10.93 टक्के निघालं. त्यात 9.26 टक्के जादा आणि 1.67 टक्के कमी दिल्याचं होतं. तिथलं सरकार हेही सांगतं की हा आकडा लबाडीचा नव्हे. त्यात कारकुनाची बेरीज चुकलेली असते, घरच्यांनी बदल कळवायचा राहिलेला असतो. चूक आणि चोरी एक नव्हे.

आपल्याकडेही फेटाळलेल्या अर्जांतले पाच टक्के असे नेमानं तपासले जायला हवेत. तोवर ज्याचं नाव कापलं त्यानं स्वतः पुढे यायला हवं. गप्प बसलेल्या पात्र माणसाची कुठल्याच आकड्यात गणती होत नाही.

जिवंत माणूस कागदावर मेला तर

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 सालापासून आहे. पासष्ट वर्षांपुढच्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दोन्हींना वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा 21,000 रुपये आहे आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. समजा, एखादी आजी पावसाळ्यात लेकीकडे गेली आणि दाखला राहिला. अनुदान थांबतं. नोटीस बंद घराला चिकटते. आजीला वाटतं, सरकारनं योजना बंद केली. ती कोणाला विचारत नाही. औषधाचे पैसे मात्र थांबतात.

कागदावरची चूक किती दिवस राहू शकते, याचा दाखला उत्तर प्रदेशात आहे. आझमगड जिल्ह्यातले लालबिहारी नावाचे शेतकरी जमिनीच्या कागदांत 1975 पासून मृत दाखवले गेले होते. 'मी जिवंत आहे' हे सरकारदरबारी मान्य व्हायला 1994 साल उजाडलं. एकोणीस वर्षं! इतके दिवस लागू द्यायचे नसतील तर चूक दिसल्याबरोबर हलावं लागतं.

आपण काय करावे?

1. कागदांची एक पिशवी करावी. त्यात सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि चालू वर्षातले वीजबिल ठेवावे. वडील वारले असतील तर वारसनोंद लांबवू नये. 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर झालेली जमीन वारसाने आली असेल तर तिला सूट आहे, पण ते फेरफारावरूनच सिद्ध होते.

2. तपासणीस आले तर खरी माहिती द्यावी. लिहिलेला जबाब वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर शाळकरी पोराकडून वाचवून घ्यावा, मगच सही किंवा अंगठा करावा. कोऱ्या कागदावर अंगठा कधीही देऊ नये. पडताळणीसाठी कोणाला पैसे देऊ नयेत आणि फोनवर ओटीपी सांगू नये.

3. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. पोच म्हणजे तारीख, सही आणि शिक्का.

4. शेतीकामाने बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते घेत नाही. म्हणून घरी परत येऊ नये. किसान सन्मान निधीची ई-केवायसी चेहरा दाखवून करण्याची सोय 2023 पासून आहे. इतर ठिकाणीही दुसरा मार्ग विचारावा.

5. नाव कापले तर कारण लेखी मागावे. "साहेब नाही म्हणाले" हे कारण नव्हे. कोणत्या अटीत बसत नाही ते लिहून घ्यावे. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या ज्या सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली जाहीर झाल्या आहेत, त्या नाकारताना कारण लेखी द्यावे लागते आणि 30 दिवसांत पहिले अपील करता येते.

6. उत्तर मिळत नसेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. फी 10 रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही. उत्तर 30 दिवसांत यायला हवे.

7. दाद कुठे मागावी? निराधार योजनेसाठी तहसील कचेरीत. रेशनसाठी गावात असाल तर तहसीलचा पुरवठा विभाग, शहरात असाल तर शिधावाटप कार्यालय. त्यापुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत. किसान सन्मान निधीसाठी तालुका कृषी कार्यालय, जमिनीच्या नोंदीसाठी तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. या योजनेचा मदत फोन 155261.

8. आपण खरोखर अपात्र झालो असू, मुलाला नोकरी लागून घरचे दिवस पालटले असतील, तर आपण होऊन कळवावे. किसान सन्मान निधी स्वखुशीने सोडण्याची आणि जादा आलेली रक्कम परत करण्याची सोय आहे. मागाहून वसुलीची नोटीस येण्यापेक्षा हे बरे.

ग्रामसभा हे आपले सूप

फोलाचा ढीग पाखडायला गावाजवळ एक सूप आहे, ते म्हणजे ग्रामसभा. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेनं सामाजिक अंकेक्षण करण्याची तरतूद होती आणि अन्न सुरक्षा कायद्यातही सामाजिक अंकेक्षण सांगितलं आहे. सामाजिक अंकेक्षण म्हणजे सरकारी हिशोब आणि याद्या गावासमोर वाचून, खरं-खोटं गावानंच सांगायचं.

तिथं नेहमी एकच यादी वाचली जाते, लाभ मिळणाऱ्यांची. पुढच्या ग्रामसभेत दोन याद्या मागा. एक मिळणाऱ्यांची आणि दुसरी, वर्षभरात ज्यांची नावं कापली किंवा अर्ज फेटाळले त्यांची, कारणासह. दुसरी यादी वाचताना कोणीतरी उठून म्हणेल, "अहो, ही म्हातारी तर माझ्या शेजारी राहते, आताच तिला चहा देऊन आलो." कचेरीला न सापडलेली चूक गावाला अशी एका वाक्यात सापडते. तेवढं ऐकून थांबू नका. ठराव लिहून घ्या, त्याची नक्कल तहसीलदारांकडे पाठवा आणि पोच घ्या.

अपात्राचं नाव गेलं तर वाईट वाटून घेऊ नये, त्याची जागा दुसऱ्या गरजवंताला मिळते. पात्राचं नाव गेलं तर मात्र स्वस्थ बसू नये, मग ते आपलं असो की शेजाऱ्याचं. पुढची ग्रामसभा कधी आहे ते आजच ग्रामपंचायतीत विचारून या, आणि जाताना शेजारच्या आजीला तिचा हयातीचा दाखला दिला का, तेही विचारा.